सूतिकेला कोणी विचारले?

सूतिका परिचर्या हा विषय आपल्या वैद्यबंधूंना व भगिनींना नवा नाही. पदवीच्या अभ्यासक्रमात गर्भिणीची मासानुमासिक परिचर्या आपण सर्वांनी मुखोद्गत केली आहे. व्यवसायात पडल्यावर बाळंतकाढा, दशमूलारिष्ट, शतावरी कल्प, सौभाग्यशुंठी पाक यांच्या चिठ्ठ्या लिहून हातही सराईत झाला आहे. औषधालय चालविणाऱ्या आपल्या बांधवांनाही ही गिऱ्हाइके चांगली परिचित आहेत. तथापि प्रस्तुत लेखात आम्ही औषधांविषयी फारसे लिहिणार नाही. ज्या स्त्रीसाठी ही औषधे दिली जातात, तिला गरोदरपणात व बाळंतपणानंतर स्वतःच्या शरीराविषयी काय वाटते, हे विचारण्याचे काम गेल्या सुमारे पन्नास वर्षांत समाजशास्त्राने केले आहे. त्या संशोधनाचा परिचय करून देण्याचा येथे हेतू आहे. या विषयाकडे आम्ही कसे वळलो, ते आधी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

काही वर्षांपूर्वी एक सासूबाई दर पंधरा दिवसांनी आमच्या दवाखान्यात येत असत. सुनेची पहिली खेप, सिझेरियन झालेले, मुलगी झालेली. सव्वा महिना माहेरी काढून सून सासरी परतली होती. तक्रार ठरलेली असे. "डॉक्टरसाहेब, दूध पुरत नाही, आणि तिच्या अंगात ताकद म्हणून नाही." आम्ही शतावरी कल्पाची मात्रा वाढविली, दशमूलारिष्ट चालू ठेवले, डिंकाचे लाडू पचत नसतील तर अळिवाची खीर द्यावी असे सुचविले. असे चार महिने चालले. या चार महिन्यांत आम्ही त्या सुनेची नाडी पाहिली नाही, जिव्हा पाहिली नाही, तिच्या तोंडून एक शब्दही ऐकला नाही. चिठ्ठीवर मात्र नाव तिचे होते.

पुढे मुलीला खोकला झाला म्हणून सासू-सून दोघी आल्या. सासूबाई औषध आणावयास बाहेर गेल्या असता आमच्या दवाखान्यातील मदतनीस मावशींनी मूल आपल्याकडे घेतले आणि सहज विचारले, "पोरी, तू झोपतेस का गं?" एवढ्या प्रश्नावर ती जी रडू लागली, ती थांबेना. मावशींनी आम्हांस आत बोलाविले. तेव्हा कळले ते असे: मूल झोपले तरी तिला झोप येत नव्हती. टाक्यांच्या खालची जागा बधिर होती. तेथे हात लावला की दुसऱ्या कोणाच्या कातडीला हात लागल्यासारखे वाटे. मूल जवळ आले की दूध येई, पण आपण त्यात कोठे नाही, असे तिला वाटत असे. जगण्याचा कंटाळा आल्याचेही ती बोलली. अरिष्टाने तोंड पोळते म्हणून बाटलीतील औषध ती मोरीत ओतून देत होती. ते समभाग पाण्यातून घ्यावयाचे असते, हे आम्ही सासूबाईंना सांगितले होते. सुनेपर्यंत ते पोहोचले नव्हते.

त्याच दिवशी आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणच्या मानसोपचारतज्ज्ञांशी दूरध्वनीवर बोललो आणि पतीला बोलावून तिला त्यांच्याकडे पाठविले. काही महिन्यांत ती बरी झाली. आमची चार महिन्यांची चिकित्सा मोरीतून वाहून गेली होती, आणि त्यात दोष द्रव्याचा वा कल्पाचा नव्हता.

त्या तज्ज्ञांनीच आम्हांस गोव्यातील एक संशोधन वाचावयास दिले. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी केलेला हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांची त्यांनी शेवटच्या तिमाहीत नोंद केली आणि प्रसूतीनंतर पुन्हा भेटी घेतल्या. सहा ते आठ आठवड्यांनी पाहता २३ टक्के मातांमध्ये नैराश्याची व्याधी आढळली. त्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांचे मानसिक स्वास्थ्य गरोदरपणातच बिघडलेले होते, आणि सहा महिने झाले तरी निम्म्याहून अधिक जणी त्याच अवस्थेत होत्या. कारणांचा शोध घेता दारिद्र्य आणि पतीशी बिघडलेले संबंध पुढे आले. मूल मुलगा की मुलगी, यावरही बरेच अवलंबून होते. मारहाण आणि उपासमार यांचा मनावर होणारा परिणाम त्यानुसार बदलत होता. उपासमार हा शब्द आम्ही दोनदा वाचला. क्षीरवृद्धीसाठी शतावरी देताना ती स्त्री दोन्ही वेळा जेवते काय, हे आम्ही किती जणींना विचारले असेल?

याच मंडळींनी पुढे, २००३ साली, मातांशी सविस्तर बोलून दुसरा लेख लिहिला. तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. नैराश्याची लक्षणे या स्त्रियांना जाणवत होती, त्या ती वर्णनही करीत होत्या. परंतु त्यांच्या दृष्टीने तो काही आजार नव्हता. घरची ओढाताण, नवऱ्याचे वागणे, मुलगी झाल्यावर बदललेली माणसे, यांचाच तो भाग होता. मग त्या वैद्याकडे कशाला सांगतील? वैद्याने विचारले तरच.

विचारण्याची ही पद्धत शास्त्र म्हणून रूढ करणाऱ्यांत लंडनच्या समाजशास्त्रज्ञ ॲन ओकली यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९७० च्या दशकात त्यांनी प्रथमच माता होणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. ५५ स्त्रियांच्या प्रत्येकी चार मुलाखती झाल्या. दोन गरोदरपणात, दोन प्रसूतीनंतर. त्यावरील त्यांचे पुस्तक १९७९ साली निघाले. मुलाखत घेणाऱ्याने केवळ विचारावे, उत्तरे देऊ नयेत, असा तेव्हाचा शिरस्ता होता. परंतु या स्त्रिया उलट ओकलींनाच प्रश्न विचारू लागल्या. असे ८७८ प्रश्न त्यांच्या ध्वनिफितींवर नोंदले गेले, आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश निव्वळ माहिती मिळविण्यासाठी होते. मूल शरीराच्या कोणत्या द्वारातून बाहेर येते, कमरेत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनाने लुळेपणा येतो काय, असे हे प्रश्न. या स्त्रिया लंडनमधील आधुनिक रुग्णालयात नियमित तपासणीस जात होत्या, हे येथे ध्यानात घ्यावे. तपासणीच्या खोलीत त्यांना हे विचारता आले नव्हते. ओकलींनी शिरस्ता मोडला आणि उत्तरे दिली. १९८१ साली त्यांनी या अनुभवावर जो निबंध लिहिला, तो समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो.

प्रसूतीनंतरची खिन्नता केवळ अंतःस्रावांच्या चढउतारामुळे येते, असे तेव्हा सामान्यतः मानले जाई. ओकलींनी या खिन्नतेचा संबंध राहत्या घराची अवस्था, पतीचा घरकामातील सहभाग, घराबाहेरचे काम सुटणे आणि प्रसूतीच्या वेळी झालेला यंत्रांचा व शस्त्रांचा वापर यांच्याशी दाखवून दिला. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर दोष-दूष्यांबरोबर देश, काल, सात्म्य आणि सत्त्व यांचाही विचार झाला. हे तर आपल्याकडे आधीच आहे, असे काही वैद्यमित्र यावर म्हणतात. ग्रंथात आहे हे खरे. दवाखान्यात आहे काय, हा प्रश्न निराळा.

अमेरिकेतील तत्त्वज्ञ आयरिस मॅरियन यंग यांचा १९८४ सालचा एक निबंध या संदर्भात पाहण्यासारखा आहे. तो संख्याशास्त्राचा नाही, स्वानुभवाच्या चिंतनाचा आहे. गरोदर स्त्रीला पोटातील हालचाल आपली असूनही आपली नसल्यासारखी जाणवते. आपले शरीर कोठे संपते आणि बाहेरचे जग कोठे सुरू होते, याची नेहमीची खूण पुसट होते. अरुंद जागेतून सवयीने जाऊ पाहावे तर पोट आडवे येते. वैद्यकाला मात्र ती फळ धरणाऱ्या पात्रासारखी दिसते, आणि ती स्वतः काय अनुभवते ते बाजूला राहते, असे यंग यांचे म्हणणे आहे.

हे वाचताना दौहृदाची आठवण न होईल तर नवल. चरकाने तिसऱ्या महिन्यात आणि सुश्रुताने चौथ्या महिन्यात गर्भिणीला दोन हृदयांची म्हटले आहे. एका देहात दोन हृदये, दोन इच्छा. हा विचार किती सूक्ष्म आहे, हे यंग यांचा निबंध वाचल्यावर आम्हांस नव्याने जाणवले. पण एक उणीवही जाणवली, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. ग्रंथांत गर्भिणीचे डोहाळे मुख्यतः गर्भाच्या दृष्टीने वाचले आहेत: अमुक इच्छा झाली तर अपत्य तमुक होईल, इच्छा अपुरी राहिली तर गर्भाला अपाय होईल. त्या स्त्रीला त्या दोन हृदयांचा भार कसा वाटतो, हे तिच्या तोंडून कोठे येत नाही. ग्रंथकार पुरुष होते, काळ निराळा होता. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण ती जागा रिकामी आहे, एवढे मान्य करावे. चरकानेच सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायात गर्भ टिकविणाऱ्या भावांमध्ये सौमनस्याला श्रेष्ठ म्हटले आहे. ते सौमनस्य आहे की नाही, हे नाडीवरून कळेल असा आमचा तरी अनुभव नाही.

शरीराचा अनुभव सर्वत्र सारखा नसतो, हे या संशोधनाचे आणखी एक देणे. उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यात पॅट्रिशिया जेफरी, रॉजर जेफरी आणि अँड्र्यू लायन यांनी केलेला अभ्यास १९८९ साली पुस्तकरूपाने आला. तेथे बाळंतपण सासरीच होते. गरोदर अवस्थेत माहेरच्या माणसांसमोर जाणे ही लाजेची गोष्ट समजली जाते. आपल्याकडील मुलगी पहिल्या खेपेस माहेरी जाते, आईच्या हातचे तेल अंगाला लावून घेते. आपल्या प्रथेचे मोल कळावयास बिजनौरकडे पाहावे लागते. तमिळनाडूत सेसिलिया व्हॅन हॉलेन यांनी केलेल्या अभ्यासात, जो २००३ साली प्रसिद्ध झाला, वेगळाच प्रकार दिसला. गरीब स्त्रिया कळा वाढविणारे इंजेक्शन स्वतः मागत होत्या, वेदनाशामक नसतानाही. जितक्या कळा तीव्र तितकी स्त्रीची शक्ती मोठी, अशी त्यामागे धारणा होती. इंजेक्शन आधुनिक, अर्थ जुना. असा अर्थ माहीत नसलेल्या चिकित्सकाला ती मागणी अडाणीपणाची वाटेल.

आपल्या महाराष्ट्राकडे वळू. गडचिरोलीत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के. पुढे याच जिल्ह्यातील ३९ गावांत, घरी जाऊन, ७७२ स्त्रियांचे प्रसूतीत व त्यानंतर निरीक्षण करण्यात आले. ५२.६ टक्के स्त्रियांना काही ना काही विकार झाला होता. प्रसूतीच्या वेळी १७.७ टक्के आणि सूतिकावस्थेत ४२.९ टक्के. प्रसूतीच्या वेळेपेक्षा नंतरच्या दिवसांतील आकडा सुमारे अडीच पट आहे. सूतिकेचे शरीर गर्भवृद्धीने, प्रवाहणाने व रक्तक्लेदाच्या स्रावाने शून्य झालेले असते आणि म्हणून तिची व्याधी कष्टसाध्य वा असाध्य ठरते, हे चरकाच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात सांगितले आहे. गडचिरोलीच्या आकड्यांनी त्याला दुजोरा मिळतो, असे म्हणावयास हरकत नाही.

पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९० च्या दशकात झालेला मातृपोषणाचा अभ्यासही प्रसिद्ध आहे. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची मुले जन्मतः मोठी होती, हे त्यातून २००१ साली पुढे आले. त्याची वाहवा पुष्कळ झाली. त्याच अभ्यासातून २००३ साली आलेली दुसरी गोष्ट मात्र कमी बोलली जाते: शेतातील व घरातील कष्ट जितके अधिक, तितके मूल लहान. आपण केसपेपरवर 'विश्रांती' असे लिहून मोकळे होतो. विहिरीवरून पाणी कोण आणील, खुरपणीची मजुरी कोण भरून देईल, हे त्या कागदावर नसते. दुपारी एक तास आडवे पडणे कोणाच्या संमतीने शक्य आहे, हे विचारून त्या व्यक्तीला दवाखान्यात बोलाविणे, ही आमच्या मते चिकित्साच आहे.

आज परिस्थिती पालटली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झाली आणि २५.४ टक्के सिझेरियनने. म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या चौघींपैकी एकीच्या पोटावर टाके आहेत. आपल्या ग्रंथांतील उदरपट्टबंधन, अभ्यंग, स्वेदन या उपक्रमांचा विचार योनिमार्गे प्रसूत झालेल्या सूतिकेसाठी केलेला आहे. टाक्यांवर केव्हा, किती, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. परंतु शेक-शेगडी घेताना त्या जागेला काही जाणवते काय, हे आधी विचारले पाहिजे. बधिर त्वचेला चटका कळत नाही. आमच्या त्या सुनेला माहेरी शेगडी दिली जात होती, आणि बधिरता तिने कोणालाच सांगितली नव्हती.

२०११ पासून आशा कार्यकर्ती नवजात बालकासाठी घरी भेटी देते, शेवटची भेट ४२ व्या दिवशी असते. सुश्रुताने सूतिकाकाल दीड महिन्याचा सांगितला आहे, लोकरूढी सव्वा महिना पाळते. तिन्ही मुदती जवळजवळ एकत्र येऊन पडतात, हा योगायोग आम्हांस गमतीचा वाटतो. गोव्यातील निम्म्याहून अधिक खिन्न माता सहाव्या महिन्यातही खिन्नच होत्या. काश्यपाने सूतिकाकाल सहा महिन्यांपर्यंत नेला आहे, त्याची आठवण येथे ठेवावी.

आता आमच्या दवाखान्यात काय बदलले, ते थोडक्यात. सूतिकेसाठी पहिली चिठ्ठी नातेवाइकांकडे दिली तरी दुसरी तिला पाहिल्यावाचून देत नाही. येणे अशक्य असेल तर तिच्याशीच दूरध्वनीवर बोलतो. यामुळे दोन-तीन कुटुंबे रागावून दुसरीकडे गेली, हे खरे आहे. आली की दहा मिनिटे मावशींजवळ बसते, सासूबाई वा पती तेव्हा बाहेर. आम्ही पुरुष वैद्य; काही गोष्टी आम्हांस कोणी सांगणार नाही, हे आम्ही ओळखून आहोत. सूतिकागारात अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ, न खचणाऱ्या स्त्रिया असाव्यात, असे चरक का म्हणतो, ते तीन मुलांची आई असलेल्या मावशींकडे पाहून कळते. झोप, भूक, टाक्यांची वा योनीची वेदना, मूत्रावरचा ताबा, मूल जवळ घेताना काय वाटते, आणि घरात कोणी हात उगारतो काय, एवढे त्या विचारतात. शंका आली तर एडिंबरोची १९८७ सालची दहा प्रश्नांची सूची भरून घेतो. तिच्या दहाव्या प्रश्नाला, म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या विचाराला, होकार आला तर त्या दिवशी औषधाची चर्चा करीत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवितो, तेही सोबत कोणी असेल तरच. ज्वर, दुर्गंधी स्राव वा अतिरक्तस्राव असेल तर विनाविलंब रुग्णालयात.

औषधालयचालकांना एक विनंती. आमच्या गावातील एका दुकानदारांशी आम्ही या विषयावर बोललो. बाळंतकाढा नेणारे पती असतात, सासरे असतात, दीरही असतात. स्वतः बाळंतीण दुकानात आल्याचे त्यांना आठवेना. आता ते दुसरी बाटली देताना एवढेच विचारतात की, पहिली तिने संपविली का, आणि कशी घेतली. पाण्यातून घ्यावयाची सूचना मोठ्या अक्षरांत छापून बाटलीला चिकटवितात. मुलगा होण्याचे औषध मागणाऱ्यांना ते दारातूनच परत पाठवितात. त्याची जाहिरात करणे कायद्याने गुन्हा आहेच; पण गोव्याचा अभ्यास वाचल्यावर, मुलगी झालेल्या त्या सुनेच्या घरी अशी पुडी गेली असती तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

ती सून गेल्या वर्षी दुसऱ्या खेपेस गरोदर राहिली. या वेळी ती एकटीच आली, वहीच्या पानावर सात-आठ प्रश्न लिहून. पहिला प्रश्न होता, अरिष्टाऐवजी गोळी मिळेल काय.